ताण आणि मेंदू : आपल्या लेखातली अर्धी राहिलेली बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'ताण खातो मेंदू' हा लेख आला. पानभर मजकूर, मधोमध सुरकुतलेल्या मेंदूचे चित्र आणि तळाला 'तणावमुक्तीचे सात सोपे उपाय' अशी चौकट. लेखात ब्रूस मॅक्इवेन या मेंदूशास्त्रज्ञांचे नाव दोनदा आले आहे आणि 'दीर्घकाळच्या ताणाने मेंदूतील पेशी मरतात व त्या पुन्हा येत नाहीत' हे वाक्य त्यांच्या खात्यावर टाकले आहे. मॅक्इवेन २ जानेवारी २०२० रोजी वारले. खुलासा करायला ते येणार नाहीत, म्हणून मी करते. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची झाली तर मध्ये लावा, शेवटच्या दोन परिच्छेदांना लावू नका.

मी शास्त्रज्ञ नाही. मेंदूविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंदरांच्या मेंदूचे काप घ्यायचे, ते रंगवायचे, मग सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ड्रॉइंग ट्यूबमधून एकेक पेशी कागदावर उतरवायची, हे माझे काम. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपात आभार मानतात, तिथे आमची नावे असतात. तीही नेहमी नसतात. पण मॅक्इवेन यांच्या ज्या कामाचा आपल्या लेखात उल्लेख आहे, ते उभे आहे ते अशा रंगवलेल्या पेशींवरच. त्या पेशी कशा दिसतात हे मी लेखकमहाशयांपेक्षा जास्त वेळ पाहिले आहे.

ताणावरचे संशोधन सुरू झाले ते पोट आणि ग्रंथी यांच्यापासून. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा मजकूर छापला. उंदराला थंडीत ठेवा, दमवून काढा, इजा करा किंवा औषधाचा भारी डोस टोचा, शरीरात दिसणारा बिघाड ठरावीकच असतो : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. (हा मजकूर 'नेचर'च्या संपादकांना पत्रे या सदरातच आला होता. आपल्याकडे या सदराला शेवटच्या पानावरचा कोपरा मिळतो, म्हणून सांगितले.) या सगळ्यात मेंदू हुकूम सोडणारा; त्या हुकमातून जे संप्रेरक रक्तात उतरते ते उलटून मेंदूवरच काम करते, ही बाजू पुढे यायला बराच काळ गेला.

ती पुढे आणणाऱ्यांत मॅक्इवेन अग्रभागी होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचले आणि ते मेंदूत कुठे जाऊन बसते ते पाहिले. माणसात जे काम कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक करते ते उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन करते. संप्रेरकांचा कारभार हायपोथॅलॅमसमधून चालतो, म्हणून लोकांची नजर तिकडे होती. संप्रेरक साठले ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी आणि जागेचे भान ज्या भागावर अवलंबून असते तिथे. हा निबंध १९६८ चा. आठवणींच्या भागाला ताणाच्या संप्रेरकाची गरज कशासाठी, हा प्रश्न तिथे उभा राहिला आणि पुढे पन्नास वर्षे तो माणूस त्याच प्रश्नाच्या मागे होता.

आपल्या लेखातला 'मेंदू खाण्याचा' भाग ज्यावरून घेतला असावा ते प्रयोग १९९० ते १९९२ या काळातले. पहिल्या प्रयोगात उंदरांना २१ दिवस कॉर्टिकोस्टेरॉन टोचले. दुसऱ्यात त्यांना २१ दिवस रोज ६ तास हलता येणार नाही असे जाळीत अडकवून ठेवले. मग हिप्पोकॅम्पसच्या 'सीए-३' नावाच्या पट्ट्यातल्या पेशी पाहिल्या. प्रत्येक चेतापेशीला डेंड्राइट असतात, म्हणजे इतर पेशींचे संदेश घेणाऱ्या फांद्या. ताण दिलेल्या उंदरांत वरच्या बाजूच्या फांद्या आखूड झाल्या होत्या आणि त्यांना फाटे कमी फुटले होते. निष्कर्ष एवढाच. पेशी होत्या तिथेच होत्या, जिवंत होत्या.

हे कसे मोजतात ते सांगायला मला आवडेल, कारण वर्तमानपत्रात ते कधीच येत नाही. कामिल्लो गॉल्जी या इटालियन डॉक्टरांनी १८७३ मध्ये शोधलेली रंगवण्याची पद्धत आजही वापरात आहे. आम्ही वापरायचो तो तिचा पुढचा प्रकार : मर्क्युरिक क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट आणि पोटॅशियम क्रोमेट यांच्या द्रावणात मेंदू अंधारात ठेवून द्यायचा आणि वाट पाहायची. बाटली उघडून बघायचा मोह आवरायचा. नवीन मुले हटकून उघडायची. नंतर काप काढून, डेव्हलप करून काचेवर लावले की पिवळसर पार्श्वभूमीवर इथे एक, तिथे एक अशा थोड्याच पेशी काळ्याभोर उमटतात, पण उमटतात त्या फांदीच्या टोकापर्यंत. शंभरात जेमतेम एक-दोन पेशी रंग घेतात. नेमक्या त्याच का, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि त्याचाच फायदा होतो. सगळ्याच रंगल्या असत्या तर काळ्या डागाशिवाय काही दिसले नसते.

मग ती पेशी कागदावर उतरवायची. फांद्यांचे फाटे मोजायचे, लांबी मोजायची, पेशीच्या मध्याभोवती समान अंतरावर वर्तुळे काढून कुठल्या वर्तुळाला किती फांद्या छेदतात ते लिहायचे. स्लाइडवर फक्त सांकेतिक आकडा. उंदीर ताण दिलेल्या गटातला की आरामात राहिलेल्या, हे रेखाटणाऱ्याला माहीत नसते, असू द्यायचे नसते. तरी मन अंदाज बांधते. 'ही बिचारी ताणातली दिसते' असे वाटायचे, आणि कोड उघडल्यावर ती निवांत पिंजऱ्यातल्या उंदराची निघायची. एका पेशीवरून काही ठरत नाही. गटागटांची सरासरी काढल्यावरच फरक दिसतो. म्हणून 'निरोगी मेंदू' आणि 'ताणग्रस्त मेंदू' अशी दोन चित्रे शेजारी छापली की मला अस्वस्थ व्हायला होते. इतका ढळढळीत फरक मी कधी पाहिलेला नाही.

पुढची गोष्ट आपल्या लेखात आलीच नाही. ताण थांबवला की काही आठवड्यांत सीए-३ मधल्या या फांद्या पुन्हा वाढतात. ताणामुळे जागा लक्षात ठेवण्याच्या कसोटीत मागे पडलेले उंदीर ताण थांबल्यावर पुन्हा बरोबरीला येतात, हेही मॅक्इवेन यांच्याच प्रयोगशाळेतून १९९४ मध्ये छापून आले. ते स्वतः या आखडण्याकडे केवळ नुकसान म्हणून पाहत नसत. शीतनिद्रेत जाणाऱ्या खारींमध्ये याच पेशींच्या फांद्या आखडतात आणि जाग आल्यावर काही तासांत पूर्ववत होतात. १९९२ चे रशियन काम आहे ते. अतिउत्तेजनाच्या काळात पेशीने स्वतःला आवरून घेणे, असाही त्याचा अर्थ लावता येतो. पुरता सिद्ध झालेला नाही, पण 'मेंदू मेला' यापेक्षा पुराव्याच्या अधिक जवळचा आहे.

लेखकाने मृत्यूची गोष्ट हवेतून आणली असे मी म्हणणार नाही. रॉबर्ट सॅपोल्स्की यांनी मॅक्इवेन यांच्याकडे असतानाच, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, उंदरांना महिनोन्महिने कॉर्टिकोस्टेरॉन दिल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी कमी झाल्याचे दाखवले होते. तो निबंध फार गाजला. नंतर पेशी मोजण्याच्या जास्त काटेकोर पद्धती आल्या, तेव्हा इतर प्रयोगशाळांना तशी घट सापडेना. नैराश्याचा आजार असलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, त्यावरचा एक महत्त्वाचा निबंध २००१ चा आहे. त्यातही पेशींचा मोठा संहार दिसला नाही. तीसेक वर्षांपूर्वी हा लेख आला असता तर मी गप्प बसले असते. आज बसवत नाही.

दुसरी वगळलेली बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ताणाने सगळा मेंदू एकाच दिशेला जात नाही. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की उंदराला रोज २ तास असे १० दिवस जखडून ठेवले तर हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडतात आणि त्याच उंदराच्या अमिग्डलामध्ये, म्हणजे भीती आणि धोक्याची नोंद ठेवणाऱ्या भागात, त्या वाढतात. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा भाग छापला : ताण थांबवून २१ दिवस गेले तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला होता, अमिग्डलामधली वाढ तशीच होती. आणि २००५ च्या निबंधात, ज्यात मॅक्इवेनही सहलेखक आहेत, फक्त एकदाच २ तास जखडलेल्या उंदरांत दुसऱ्या दिवशी काहीच दिसले नाही; १० दिवसांनी मात्र अमिग्डलाच्या फांद्यांवरचे संदेश घेणारे बारीक काटे वाढलेले दिसले आणि उंदीर जास्त घाबरट झाले होते. प्रसंग घडून गेल्यावर कितीतरी दिवसांनी सुरू होणारी भीती ज्यांनी भोगली आहे त्यांनी हे वाचावे. 'तेव्हा तर ठीक होतास, आता काय झाले?' असे त्यांना विचारणाऱ्या घरच्यांनी तर वाचावेच. मेंदूतला एक भाग वाढतो आणि त्यामुळे माणसाला त्रास होतो, ही बातमी 'ताण खातो मेंदू' या मथळ्यात बसत नाही, म्हणून ती गळली असावी.

हे सगळे उंदीर बहुतेक नर होते, हेही सांगायला हवे. मादी उंदरांत चित्र वेगळे दिसते. सीए-३ मधल्या वरच्या फांद्यांचे ते आखडणे त्यांच्यात तसे होत नाही. त्यातही मादीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पसच्या दुसऱ्या एका पट्ट्यातले काटे सुमारे ३० टक्क्यांनी कमी-जास्त होतात, हे वूली, गुल्ड आणि मॅक्इवेन यांनी १९९० मध्येच दाखवले होते. कुठलाही ताण नसताना. प्रौढ मेंदू घडून झालेला असतो आणि मग त्याची फक्त झीज होते, असे ज्या काळात शिकवले जात होते त्या काळात. मला विचाराल तर या माणसाचे सगळ्यात सुंदर काम हे, आणि त्यावर कोणी रविवारी पानभर लिहीत नाही.

आता माणसांकडे येते, कारण पत्र लिहायला बसले ते त्यामुळेच.

माझी थोरली बहीण बऱ्याच वर्षांपासून नैराश्याच्या आजारावर उपचार घेते आहे. तिच्या परवानगीने हे लिहिते. लेख वाचून तिने मला फोन केला. म्हणाली, "अगं, पेशी मेल्या त्या मेल्याच ना? परत येत नाहीत असं लिहिलंय. मग मी या गोळ्या कुणासाठी गिळतेय?" आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे हिशेब तपासले. तिच्या तर्कात खोट नव्हती. हाती आलेला आकडाच चुकीचा होता. मी तिला म्हटले, "ताई, लेखात जे आहे ते अर्धंच आहे, तू गोळ्यांना हात लावू नकोस." यावर तिने विचारले, "तुला कसं माहीत? तू तर उंदीर कापायचीस." प्रश्न रास्त होता. उंदरावरून थेट तिच्यापर्यंत उडी मारता येत नाही. म्हणून माणसांबद्दल काय माहीत आहे ते पाहू.

नैराश्याच्या आजारात हिप्पोकॅम्पस लहान दिसतो, हे एमआरआयवरून नव्वदच्या दशकापासून सांगितले जाते. इव्हेट शेलाइन यांचा १९९६ चा निबंध त्यातला गाजलेला. आजाराचा एकूण काळ जितका जास्त, तितका आकार कमी, असे त्यात होते. पण फरक किती? २०१६ च्या सुमारास 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसे यांची मोजमापे एकत्र केली. हिप्पोकॅम्पसमधला सरासरी फरक निघाला सुमारे १.२ टक्के, आणि तोही प्रामुख्याने आजार वारंवार उलटलेल्या किंवा कमी वयात सुरू झालेल्या रुग्णांत. दोन निरोगी माणसांत याहून मोठा फरक सर्रास असतो. एखाद्याचा एमआरआय पाहून त्याला नैराश्य आहे की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आपल्या पानावरचे सुरकुतलेले चित्र १.२ टक्क्यांचे नक्कीच नव्हते.

आणि लहान हिप्पोकॅम्पस हा ताणाचा परिणाम असतो की आधीपासूनच असतो? २००२ मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या सैनिकांचे एकसारखे जुळे भाऊ शोधले. भाऊ युद्धावर गेलेच नव्हते. ज्या सैनिकांना युद्धानंतर गंभीर आघातोत्तर विकार (पीटीएसडी) झाला त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही तितकाच लहान होता. म्हणजे निदान त्या गटात तरी तो आधीपासूनच्या ठेवणीचा भाग दिसतो, युद्धाने केलेली झीज नव्हे. या एका अभ्यासाने ताणाचा परिणाम खोटा ठरत नाही. पण 'स्कॅनमध्ये लहान दिसतो, म्हणजे ताणाने खाल्ला' असे सरळ लिहिण्याची सोय मात्र त्याने काढून घेतली.

याच्या उलट बाजूचा पुरावा कुशिंगच्या आजारातून येतो. त्यात शरीर स्वतःच कॉर्टिसॉल बेसुमार बनवते. उपचाराने कॉर्टिसॉल उतरवल्यावर रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेला मोनिका स्टार्कमन यांनी १९९९ मध्ये दाखवला. बहिणीला मी हे वाचून दाखवले. 'पुन्हा येत नाहीत' या वाक्याला माणसातले याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

मग कॉर्टिसॉल उतरवणारे औषध नैराश्यावर चालायला हवे, असे कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटले. पेशीत कॉर्टिसॉल ज्याला चिकटून काम करते तो ग्राहीच अडवणारे मिफेप्रिस्टोन हे औषध भ्रमासह येणाऱ्या तीव्र नैराश्यावर वापरून पाहिले. मोठ्या चाचण्यांत ते अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. ताणाचा पहिला हुकूम अडवणाऱ्या औषधांचीही तीच गत झाली. त्याआधी, १९८१ मध्ये, रात्री डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम संप्रेरकाची, गोळी देऊन दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसॉल मोजायचे आणि त्यावरून नैराश्याचे निदान करायचे, अशी एक तपासणी पुढे आली होती. अनेक रुग्णांत ती काहीच दाखवत नसे, आणि इतर आजारांतही दाखवत असे. मागे पडली. आपल्या लेखात 'ताण वाढला, कॉर्टिसॉल वाढले, मेंदू घटला, नैराश्य आले' अशी बाणांची आकृती आहे. ती खरी असती तर वरच्या तिन्ही गोष्टी यशस्वी झाल्या असत्या.

तरी हाताला काहीच लागले नाही असेही नाही. कॉनर लिस्टन हे मॅक्इवेन यांच्याकडे शिकलेले. त्यांनी २००९ मध्ये मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तपासले. एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवण्यात ते मागे पडत होते आणि मेंदूच्या पुढच्या भागातले जाळे नीट जुळून चालत नव्हते. परीक्षेनंतर महिन्याने तेच विद्यार्थी पुन्हा तपासले, तर फरक उरला नव्हता. तरुण होते, हे लक्षात घ्यायला हवे. उंदरांत २०१० मध्ये असे दिसले की तरुण उंदरांच्या प्रीफ्रंटल, म्हणजे मेंदूच्या याच पुढच्या, भागातल्या फांद्या ताणानंतर सावरतात, मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या उंदरांच्या तितक्या सावरत नाहीत. माझ्या वयाच्या बाईला हे लिहायला फार आनंद होत नाही, पण आहे ते आहे.

लिस्टन यांच्याच गटाने २०१९ मध्ये उंदीरमामांच्या छोट्या भावंडांवर, म्हणजे माइसवर, केटामाइन हे भुलीचे, आता नैराश्यावरही वापरले जाणारे औषध वापरून पाहिले. ताणासारख्या स्थितीत प्रीफ्रंटल भागातले जे काटे गळाले होते त्यांतले बरेच केटामाइननंतर पुन्हा उगवले, आणि पुष्कळदा गळाले होते तिथेच. गंमत अशी की वागणे काही तासांतच सुधारले आणि काटे त्यानंतर आले. ते नवे काटे मुद्दाम काढून टाकले, तेव्हा सुधारणा टिकली नाही. म्हणजे बरे वाटायला काटे लागले नाहीत, बरे राहायला लागले. तंत्रज्ञ म्हणून मला हा निबंध वाचताना हेवा वाटला. आम्ही मेलेल्या मेंदूच्या कापात काटे मोजले. हे लोक जिवंत प्राण्यात तोच काटा आज आणि उद्या पाहतात.

राहता राहिली ती सात उपायांची चौकट. झोप, चालणे, माणसांत मिसळणे, हे मॅक्इवेन स्वतःही सांगत, त्यावर माझे भांडण नाही. पण त्यांचे सांगणे तिथे थांबत नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी एलियट स्टेलर यांच्याबरोबर 'ॲलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली : जुळवून घेण्यासाठी शरीर जे जे वापरते, रक्तदाब, साखर, कॉर्टिसॉल, दाह, ते सतत चालू राहिले की त्याचाच भार होतो. हा भार कोणावर जास्त पडतो याची चौकशी त्यांनी समाजशास्त्रज्ञांबरोबर केली. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला होता, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तो फरक पुरता पुसला गेला नाही. साहेबाला ताण जास्त, ही समजूत तिथे टिकली नाही. ज्याच्या कामाची वेळ, वेग आणि रजा दुसरा ठरवतो त्याला 'दीर्घ श्वास घ्या, नाही म्हणायला शिका' असे सांगणाऱ्या चौकटीने त्याचा भार हलत नाही; उलट बरे न वाटण्याचा दोषही त्याच्याच पदरात पडतो.

तर माझी मागणी. मॅक्इवेन यांच्या तोंडी घातलेले वाक्य मागे घ्यावे. त्या जागी एवढे छापावे, की त्यांच्या प्रयोगात ताणाने चेतापेशींच्या फांद्या आखडल्या आणि ताण थांबल्यावर पुन्हा वाढल्या. मेंदूच्या दुसऱ्या भागात त्या वाढल्या आणि तशाच राहिल्या. पुढच्या वेळी प्राण्यांवरच्या प्रयोगाची बातमी देताना प्राणी कोणता, नर की मादी, ताण किती दिवस दिला आणि थांबवल्यावर काय झाले, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. चार गोष्टी आहेत, दोन ओळींत मावतात. तरुण वार्ताहरांपैकी कोणाला गॉल्जीने रंगवलेली स्लाइड पाहायची असेल तर मी व्यवस्था करीन. जुने सहकारी अजून आहेत.

आणि चौकटीतला सातवा उपाय, 'औषधांवर अवलंबून राहू नका', याची दुरुस्ती पुढच्या रविवारची वाट न पाहता उद्याच्या अंकात यावी. नैराश्याची औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर, झोप उडणे, अंगात विजेचे झटके गेल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. ती कमी करायचीच झाली तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू करायची असतात. बहिणीला फोन करायला मी होते. आपला अंक ज्या घरांत जातो तिथे कितीजण या गोळ्या घेतात आणि त्यांनी तो सातवा उपाय वाचून काय केले, हे आपल्याला किंवा मला कळण्याचा मार्ग नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे, बहिणीसाठी तो छापू नये.)